पडद्याचें आवर्तन

भीमाकांठच्या शेतकऱ्यास ‘आवर्तन’ या शब्दाचा अर्थ शिकवावा लागत नाहीं. माढा तालुक्यांत उजनी येथें भीमा नदीवर बांधलेलें धरण १९८० सालीं पूर्ण झालें. सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी पोटांत घेणारा यशवंतसागर माढा, करमाळा, इंदापूर या तालुक्यांच्या शिवारांत दूरवर पसरला, आणि तेव्हांपासून सोलापूर जिल्ह्याच्या मोठ्या भागाचें पंचांग दोन निरनिराळ्या गणितांवर चालूं लागलें. एक तिथिवारांचें व दुसरें कालव्याच्या पाळ्यांचें. आवर्तन केव्हां सुटणार, किती दिवस चालणार, शेवटच्या शेतास पाणी पोंचेपर्यंत पहिल्या शेतांतील ओल टिकणार कीं नाहीं, हे प्रश्न तेथें लहानथोर सर्वांच्या तोंडीं असतात.

आज आम्ही वाचकांपुढें जो विषय मांडणार आहों, तो वरकरणीं शेतीचा नाहीं. संगणकाच्या पडद्यावरील चित्र लुकलुकतें कां, त्या लुकलुकीनें डोकें कां दुखतें, आणि जुन्या यंत्रांना ती थांबवितां कां येत नसे, हा तो विषय होय. परंतु त्या पडद्यावरील चित्रासही ठराविक काळानें पुनः पुनः प्रकाशाचें पाणी द्यावें लागे. तेथेंही पाळी होती, तेथेंही कालव्याची कुवत होती, आणि पाळी लांबली म्हणजे तेथेंही ओल उडून जात असे. इंग्रजींत ज्यास ‘रिफ्रेश रेट’ म्हणतात, त्यास ‘आवर्तनसंख्या’ हा शब्द आम्हांस या नदीकांठच्या बोलींत आयताच सांपडला. पुढील सर्व विवेचनांत आम्ही तोच वापरणार आहों.

हा विषय केवळ यंत्रशास्त्रज्ञांचा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ सालीं स्थापन झालें व त्याच्या पुढच्याच वर्षापासून ‘एमएस-सीआयटी’चे वर्ग तालुक्यातालुक्यांतून निघूं लागले. त्या दिवसांत अशा वर्गांतून, शाळांतून व कचेऱ्यांतून जे मॉनिटर दिसत, ते बहुतेक मागें भलें मोठें पोट असलेले, जड कांचेचे असत. याच माढा तालुक्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत श्री. रणजितसिंह डिसले या शिक्षकांनीं पाठ्यपुस्तकांना ‘क्यूआर कोड’ची जोड दिली, आणि २०२० सालीं त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. धरणाच्या आसपासचें मूल पुस्तकाबरोबरच पडद्यावर शिकूं लागलें आहे, हें आतां कोणास नाकारतां येणार नाहीं. जें मूल दिवसाचे दोन तास पडद्यापुढें बसतें, त्या पडद्याचें गुणावगुण जाणून घेणें हें घरांतील वडील माणसांचें कर्तव्यच ठरतें. कारण असें मूल जेव्हां ‘माझें डोकें दुखतें, अक्षरें हलतात’ अशी तक्रार करितें, तेव्हां घरांतील मंडळी दोनच निदानें करितात: अभ्यासाचा कंटाळा, नाहींतर लागलेली नजर. तिसरें एक कारण असूं शकतें, व तें यंत्रांत असतें, ही गोष्ट या लेखाच्या अखेरपर्यंत वाचकांच्या मनांत ठसावी अशी आमची इच्छा आहे.

कोलिताचें चक्र

काळोखांत जळतें कोलीत गरगर फिरविलें असतां अग्नीचें अखंड वर्तुळ दिसतें. वस्तुतः वर्तुळ कोठेंच नसतें. एकच जळतें टोंक निरनिराळ्या स्थळीं क्रमानें येत असतें. गौडपादाचार्यांच्या मांडूक्यकारिकेंतील चौथ्या प्रकरणास ‘अलातशांति’ हें नांव या कोलितावरूनच पडलें आहे. आचार्यांस त्या दृष्टांतानें जगाच्या भासमानतेचें तत्त्व सांगावयाचें होतें. आपल्याला प्रस्तुत त्यांतील डोळ्याचा धर्म तेवढा पाहावयाचा आहे. दिवाळींत फुलबाजी फिरवून हवेंत आपलें नांव लिहिणारीं मुलें तोच प्रयोग दरवर्षीं करीत असतात. प्रकाश गेल्यानंतरही त्याचा ठसा डोळ्यांत व मेंदूंत क्षणाचा कांहीं अंश टिकून राहतो, आणि तेवढ्या अवधींत दुसरा ठसा आला तर मधील खंड जाणवत नाहीं.

या धर्माचा उपयोग करून बेल्जियममधील प्लातो या शास्त्रज्ञानें १८३२ सालीं फिरत्या चकतीवरील चित्रें हालतीं करून दाखविलीं. पुढें त्याच तत्त्वावर चलच्चित्रपट उभा राहिला. बोलपटांत दर सेकंदास २४ चित्रें पडद्यावर पडतात. परंतु नुसतीं २४ चित्रें दाखविलीं तर पडदा असह्यपणें लुकलुकेल. म्हणून प्रक्षेपकयंत्रांतील फिरती झडप प्रत्येक चित्र दोनदां, कित्येक यंत्रांत तीनदां उघडझांप करून दाखवीत असे. अशा रीतीनें चित्रें २४ च, पण प्रकाशाचे झोत मात्र ४८ किंवा ७२ होत. चित्र हलतें दिसणें ही एक गोष्ट आणि प्रकाश स्थिर भासणें ही दुसरी, हा भेद वाचकांनीं येथेंच ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

चित्रपटाचें नांव निघालें असतां त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचें स्मरण होणें अपरिहार्य आहे. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लोकांपुढें आला, हें सर्वांस विदित आहे. परंतु त्याच्या आधीं, १९१२ सालीं विलायतेस जाण्यापूर्वीं, या कलेचा छडा लावण्यासाठीं त्यांनीं जे अहोरात्र कष्ट उपसले व जे चित्रपट पुनः पुनः पाहिले, त्या श्रमांपायीं त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली होती आणि औषधोपचारानें ती परत आली. तो दोष एकट्या लुकलुकीचा होता असें म्हणण्यास आधार नाहीं. जागरण, चिंता व अतिश्रम हीं कारणें त्यांत होतींच. तथापि थरथरत्या पडद्यापुढें डोळे झिजविण्याचें मोल महाराष्ट्रांत प्रथम ज्यांनीं दिलें, त्यांत या थोर पुरुषाचें नांव अग्रभागीं आहे.

सरी आड सरी

आतां कांचेच्या जुन्या मॉनिटरकडे वळूं. त्याच्या मागील निमुळत्या मानेंतून विद्युत्कणांचा एक बारीक झोत निघे व पुढच्या कांचेस आंतून लावलेल्या फॉस्फरच्या लेपावर आपटे. जेथें झोत पडेल तेथील ठिपका उजळे. हा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ काढी, झटकन् परत येई, तिच्या खालची ओळ काढी, आणि असें करीत करीत तळाशीं पोंचला म्हणजे पुनः वर जाई. दारें धरणारा गडी जसा एका सरींतून दुसऱ्या सरींत पाणी वळवीत शेताच्या खालच्या बांधापर्यंत जातो व पाळी पुरी झाली कीं पुनः वरच्या बांधास येतो, तसेंच हें काम होतें. मात्र तो गडी दिवसांत जें करितो, तें हा झोत एका सेकंदांत साठ, पंचाहत्तर किंवा पंच्याऐशी वेळां करी. या वेळांची संख्या म्हणजेच आवर्तनसंख्या.

फॉस्फरची ओल अत्यल्प काळ टिकणारी असे. झोत पुढें सरकतांच मागचा ठिपका मंदावूं लागे. त्यामुळें कोणत्याही एका क्षणीं पाहिलें तर पडद्याचा एक अरुंद पट्टाच काय तो तेजाळ असे व बाकीचा भाग विझत चाललेला असे. सगळें चित्र एकदम प्रकाशमान आहे हा भास कोलिताच्या वर्तुळासारखाच होता. फॉस्फर जास्त वेळ उजळत राहील असा कां वापरीत नसत, असा प्रश्न कोणी करील. तसे फॉस्फर होते व वापरलेही जात. पण त्यांवर हलतें चित्र दाखविलें कीं त्याच्या मागें धुराची शेंपटी राहिल्यासारखी दिसे. अति चिकण रानांत ओल टिकते खरी, पण पीक कुजतें, त्यांतलाच हा प्रकार.

दूरदर्शनच्या इंजिनियरांनीं या अडचणींतून एक चतुर वाट काढिली होती. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. आपल्या देशांत स्वीकारलेल्या पद्धतींत चित्राच्या ६२५ ओळी व दर सेकंदास २५ चित्रें असत. परंतु पंचवीस झोत डोळ्यास सोसवले नसते. म्हणून प्रथम एकाआड एक ओळी काढावयाच्या व मग राहिलेल्या ओळी भरावयाच्या, अशी योजना केली गेली. ऊंसास पाणी कमी पडलें म्हणजे सरी आड सरी भिजवितात, तीच ही युक्ति. तिनें एका सेकंदांत पन्नास अर्धीं चित्रें दिसत व दुरून पाहणारास प्रकाश बराचसा स्थिर भासे. जवळ जाऊन बसलें मात्र कीं एकेक ओळ निराळी दिसूं लागे, आणि एकटी ओळ तर सेकंदांत पंचवीस वेळांच उजळत होती. ‘टीव्हीच्या पुढ्यांत बसूं नकोस, मागें सर’ असें जें घराघरांतील आजी सांगत, त्यांत एवढें शास्त्र नकळत भरलेलें होतें.

कालव्याची कुवत

संगणकाचा मॉनिटर मात्र हातभर अंतरावरून पाहावा लागतो व त्यावर पांढऱ्या पार्श्वभूमीवरचीं बारीक अक्षरें वाचावीं लागतात. तेथें दूरदर्शनची युक्ति चालेना. १९८७ सालीं आय.बी.एम. कंपनीनें ‘व्हीजीए’ नांवाची जी पद्धत आणिली, तींत ६४० आडवे व ४८० उभे ठिपके असत व आवर्तनसंख्या साठ असे. लोकांस अधिक ठिपके हवे झाले. त्याच सालच्या दुसऱ्या एका कार्डानें १०२४ गुणिले ७६८ ठिपके दिले. पण ते सरी आड सरी पद्धतीनें, म्हणजे पुरें चित्र सेकंदांत साडेत्रेचाळीस वेळांच. अशा पडद्यावर एखादी बारीक आडवी रेघ आली कीं ती डोळ्यांपुढें नाचूं लागे.

येथें ‘व्हिडिओ कार्डा’ची गोष्ट येते. संगणकाच्या आंत बसविलेली ही पाटी म्हणजे चित्राचा जलाशय व कालवा दोन्ही. चित्रांतील प्रत्येक ठिपक्याचा रंग तिच्या स्मृतींत सांठविलेला असतो, व तेथून तो ओळीनें वाचून मॉनिटरकडे सोडावा लागतो. जलाशय लहान असेल तर काय होतें तें पाहा. एक मेगाबाइट स्मृति म्हणजे १०,४८,५७६ बाइट. १०२४ गुणिले ७६८ मिळून ७,८६,४३२ ठिपके होतात. प्रत्येकास एक बाइट दिला तर २५६ रंग मिळतात व चित्र या स्मृतींत मावतें. दोन बाइट देऊन ६५,५३६ रंग मागितले तर पंधरा लाखांहून अधिक बाइट लागतात, म्हणजे तें मावत नाहीं. मग ठिपके ८०० गुणिले ६०० वर आणावे, म्हणजे नऊ लक्ष साठ हजार बाइटांत काम भागतें. शिवार वाढवावें तर पीक हलकें घ्यावें, बागाईत करावें तर शिवार आंखडतें घ्यावें, असा हा सरळ हिशेब होता.

परंतु केवळ सांठा पुरून भागत नाहीं. कालव्याच्या तोंडांतून वेळेवर पाणी निघालें पाहिजे. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचें चित्र साठ आवर्तनांनीं दाखवावयाचें तर ठरलेल्या मापाप्रमाणें कार्डानें दर सेकंदास साडेसहा कोटि ठिपके सोडावे लागत. पंचाहत्तर आवर्तनांस पावणेआठ कोटींहून अधिक, व पंच्याऐशींस जवळजवळ साडेनऊ कोटि. १२८० गुणिले १०२४ हें चित्र पंचाहत्तर आवर्तनांनीं हवें असेल तर साडेतेरा कोटि. ठिपक्यांच्या गुणाकारापेक्षां हे आंकडे मोठे दिसतात, कारण झोतास ओळीच्या टोंकापासून परत येण्यास व तळापासून वर जाण्यास जो वेळ लागे तोही यांत धरलेला आहे. जुन्या कार्डांचा वेग यांपैकीं कोठेंतरी खुंटे. रंग वाढविले, ठिपके वाढविले, कीं आवर्तनें कमी करण्यावांचून त्यास गत्यंतर नसे. लाभक्षेत्र वाढत गेलें व कालवा तेवढाच राहिला, म्हणजे टेलच्या शेतकऱ्याच्या वांट्यास जें येतें, तेंच येथें डोळ्यांच्या वांट्यास येई.

दुसरी मर्यादा खुद्द मॉनिटरची. १०२४ गुणिले ७६८ चें चित्र साठ आवर्तनांनीं दाखविण्यास झोतानें सेकंदांत सुमारें ४८ हजार ओळी काढाव्या लागत व पंचाहत्तरांनीं दाखविण्यास ६० हजार. सुमारें ३५ हजार ओळींवर दमणारे चौदा इंची मॉनिटर एके काळीं पुष्कळ होते. अशा मॉनिटरास कार्डानें जास्त आवर्तनांचा हुकूम सोडला तर चित्र फाटे किंवा पडदा काळा होई, आणि फार जुन्या यंत्रांत तर आंतील भाग बिघडण्याचीही भीति असे.

सर्वांत खेदाची गोष्ट ही कीं, पुष्कळ ठिकाणीं कार्डही समर्थ होतें, मॉनिटरही समर्थ होता, आणि तरी मुलें साठाच्या लुकलुकींत बसत होतीं. विंडोज प्रणाली कोणताही मॉनिटर चालावा म्हणून सुरक्षित असा साठाचा आंकडा पुष्कळदां आपणहून धरी. पडद्याच्या गुणधर्मांच्या चौकटींत शिरून ‘मॉनिटर’ या सदराखालीं तो आंकडा पंचाहत्तर किंवा पंच्याऐशी करणें, एवढेंच काम होतें. नवें चित्र न दिसल्यास कांहीं सेकंदांत जुनें परत येण्याचीही त्यांत सोय होती. हें एका मिनिटाचें काम माहीत नसल्यानें किती डोकीं विनाकारण दुखलीं असतील याची गणना कोण करणार! स्वीडनमधील कामगारांच्या संघटनेनें १९९९ च्या आपल्या मानकांत कांचेच्या मॉनिटरसाठीं पंच्याऐशी आवर्तनांचा आग्रह धरिला होता, यावरून या आंकड्याचें महत्त्व ध्यानांत येईल.

धरणाकांठच्या गांवांत याला आणखी एक फांटा फुटे. कंदर, चिखलठाण, केत्तूर या बाजूस ऊंस व केळी जलाशयाच्या पाण्यावर उभी आहेत, व तें पाणी विजेच्या मोटारी उचलतात. आपली वीज सेकंदास पन्नास फेरे घेते. मोटार, रोहित्र किंवा जाड केबल कांचेच्या मॉनिटरजवळ असेल तर तिचें चुंबकत्व त्या झोतास पन्नासाच्या तालावर ओढी, आणि पडद्याचें आवर्तन साठाचें असेल तर दोहोंच्या फरकानें चित्र सेकंदांत दहा वेळां डुले. अशा वेळीं चष्म्याचा नंबर बदलून कांहीं होत नसे. मॉनिटर भिंतीपासून चार हात सरकविणें हाच उपाय होता.

थोरांस न दिसणारी लुकलुक

किती आवर्तनें पुरेशीं, या प्रश्नास सर्वांसाठीं एकच उत्तर नाहीं. साधारण प्रकाशांत पन्नास ते साठांच्या पुढें बहुतेकांस लुकलुक दिसेनाशी होते. पण पडदा जितका तेजस्वी व जितका मोठा, तितका हा आंकडा वर चढतो. पांढऱ्या शुभ्र पानावर काळीं अक्षरें असलेला पडदा म्हणूनच काळ्या पानावरील हिरव्या अक्षरांपेक्षां अधिक लुकलुके. शिवाय डोळ्याच्या मध्यभागापेक्षां कडेचा भाग लुकलुकीस अधिक सावध असतो. साठाच्या मॉनिटरकडे सरळ पाहिलें तर तो शांत वाटे, आणि शेजारच्या भिंतीकडे नजर लावली तर डोळ्याच्या कोपऱ्यांतून तो फडफडतांना दिसे. प्राण्यांत तर हा फरक विलक्षण आहे. कोंबडीस नव्वदांच्या आसपासचीही लुकलुक उमगते व मधमाशीस त्याहूनही पुष्कळ अधिक.

परंतु एकत्र कुटुंबाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. लुकलुक ओळखण्याची ही शक्ति वयाबरोबर उतरत जाते. साठीच्या आजोबांस जो पडदा अगदीं स्थिर दिसतो, तोच बारा वर्षांच्या नातवास थरथरतांना दिसूं शकतो. आजोबा चष्मा पुसून पडदा पाहतात, ‘कांहीं हलत नाहीं, सबबी सांगूं नकोस’ म्हणतात, आणि मूल गप्प बसतें. दोघेही खरें बोलत असतात. पण शिक्षा मात्र एकालाच होते. ज्या घरांत वडिलांचा शब्द प्रमाण मानण्याची चाल आहे, त्या घरांत तर वडिलांनीं ही गोष्ट अधिकच जपावी. डोळ्यांच्या बाबतींत येथें लहानाची साक्ष थोराच्या साक्षीहून वरचढ आहे.

इतकेंच नव्हे, तर न दिसणारी लुकलुकही त्रास देऊं शकते. जुन्या पद्धतीच्या चोकवर चालणारी ट्यूबलाइट आपल्या पन्नास फेऱ्यांच्या विजेवर सेकंदांत शंभर वेळां मंद-तेज होते व हें कोणास दिसत नाहीं. इंग्लंडांत विल्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एका कचेरींतील अशा ट्यूबांना अतिवेगवान चोक बसवितांच डोकेदुखी व डोळ्यांचा शीण यांचें प्रमाण निम्म्यावर आलें असें आढळलें. डोळा ज्याची दाद घेत नाहीं, त्याची मेंदू घेतो, असेंच म्हणावयाचें.

याहून गंभीर प्रकार अपस्माराचा. अपस्माराच्या दर शंभर रुग्णांत सुमारें तिघांना लुकलुकत्या प्रकाशानें झटका येऊं शकतो, व हें प्रमाण वाढत्या वयाच्या मुलांत अधिक असतें. येथें धोका साठ-सत्तरांचा नसून सेकंदास पंधरा ते पंचवीस व त्याच्या आसपासच्या सावकाश लखलखाटाचा असतो. १६ डिसेंबर १९९७ रोजीं जपानमध्यें ‘पोकेमॉन’ या मुलांच्या कार्यक्रमांत तांबडा व निळा प्रकाश सेकंदांत सुमारें बारा वेळां आळीपाळीनें दाखविला गेला, आणि सुमारें ६८५ मुलांना रुग्णालयांत न्यावें लागलें. पडद्यापुढें मुलास झटका आला असतां बाहेरची बाधा मानून अंगारेधुपारे करूं नयेत. कांदा अगर चप्पल हुंगवूं नये. तोंडांत चमचा घालूं नये. मुलास कुशीवर वळवावें, आसपासच्या टणक वस्तु दूर कराव्या, झटका थांबेपर्यंत जवळ राहावें व नंतर वैद्यास दाखवावें. झटका पांच मिनिटांहून लांबला तर मात्र वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

एक गोष्ट निःशंकपणें सांगितली पाहिजे. लुकलुकीनें डोळे कायमचे अधू होतात, असें मानण्यास आधार नाहीं. ती शीण आणिते, डोकें चढविते, वाचनाची गोडी घालविते. मात्र शिकावयास बसलेल्या मुलाच्या बाबतींत हें नुकसान लहान नव्हे.

आजचा पडदा

पोट असलेले मॉनिटर आतां बहुतेक भंगारांत गेले. सपाट ‘एलसीडी’ पडद्याची रीतच वेगळी आहे. त्यांतील ठिपका पुढच्या पाळीपर्यंत विझत नाहीं. मागचा दिवा सारखा तेवत असतो व ठिपके केवळ त्यापुढील झडपा होत. म्हणून अशा पडद्यास साठ आवर्तनें असूनही तो त्या कारणानें लुकलुकत नाहीं. ठिबक सिंचनाच्या रानास कालव्याच्या पाळीची भीति कमी, तसेंच हें.

तरीही लुकलुक घरांतून सर्वस्वीं गेली नाहीं. ती मागील दारानें आली आहे. पडद्याचा उजेड कमी करावा लागतो तेव्हां कित्येक यंत्रें मागचा दिवा मंद करण्याऐवजीं तो फार वेगानें चालू-बंद करितात. मोबाइलच्या ‘ओलेड’ पडद्यांत ही उघडझांप पुष्कळदां सेकंदास दोनशेंचाळीसांच्या आसपास असते. बहुतेकांस ती कळत नाहीं. अर्धशिशीच्या कांहीं रुग्णांस ती बाधते. स्वस्त एलईडी दिव्यांतही ट्यूबेप्रमाणें शंभरांची लुकलुक असूं शकते.

बाजारांत हल्लीं १२० किंवा १४४ आवर्तनांचे पडदे मोठ्या आंकड्यांनीं मिरविले जातात. वर सांगितलेला भेद येथें उपयोगी पडतो. या जादा आवर्तनांनीं हलतें चित्र अधिक गुळगुळीत सरकतें. खेळणारांस त्याचा लाभ आहे. परंतु सपाट पडद्यावर वाचन-लेखन करणारास ती लुकलुक थांबविण्यासाठीं नकोत, कारण ती आवर्तनांमुळें होतच नाहीं. केवळ ‘मुलाच्या डोळ्यांसाठीं’ म्हणून त्यापायीं जास्त पैसे मोजण्याचें कारण नाहीं. कालव्याची मर्यादा मात्र आजही सुटलेली नाहीं. ‘एचडीएमआय’ची १.४ ही जुनी पद्धत असलेलें कार्ड ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचें चित्र सेकंदांत तीसच वेळां पाठवूं शकतें. साठ हवीं तर २.० ही पुढची पद्धत लागते. मोठा पडदा विकत घेण्यापूर्वीं घरच्या संगणकाचा पाट तेवढें पाणी वाहून नेईल कीं नाहीं, हें विचारून घ्यावें.

घरांत काय करावें

कोठें जुना कांचेचा मॉनिटर अद्याप चालू असेल तर त्याचें आवर्तन पंच्याऐशी, निदान पंचाहत्तर करावें. कार्डास तें झेपत नसेल तर रंग किंवा ठिपके कमी करावे. बारीक अक्षरांच्या हव्यासापायीं डोळे शिणविण्यापेक्षां मोठीं अक्षरें व शांत पडदा केव्हांही बरा. पडद्याचा उजेड खोलीच्या उजेडाशीं मिळता ठेवावा. मोबाइलचा उजेड अगदीं तळास नेऊन काळोखांत वाचूं नये. उजेड थोडा वाढवावा व खोलींत दिवा असूं द्यावा. दिवा लुकलुकतो कीं नाहीं हें पाहण्यास उपकरण नको. त्याच्या प्रकाशांत पेन्सिल वेगानें मागें-पुढें हालवावी. तिची छाया अखंड पंख्यासारखी न दिसतां तुटक तुटक काड्यांसारखी दिसली, तर तो दिवा अभ्यासाच्या मेजावरून काढावा. मोबाइलच्या कॅमेऱ्यांतून दिव्याकडे पाहतां पडद्यावर काळे पट्टे सरकतांना दिसले, तरी हाच निष्कर्ष समजावा. दर वीस मिनिटांनीं मुलास उठवून अंगणांतील झाडाकडे, दूरच्या शिवाराकडे नजर टाकावयास लावावें. आणि एवढें करूनही डोकें दुखत राहिलें तर नेत्रवैद्यास दाखविण्यांत दिरंगाई करूं नये, कारण सगळ्याच डोकेदुखीचा दोष यंत्राच्या माथीं मारणें हेंही तितकेंच चुकीचें आहे.

उजनीच्या लाभक्षेत्रांत टेलच्या शेतकऱ्यानें पाणी पोंचलें नाहीं अशी तक्रार केली, तर शहाणा पाटकरी त्यास आळशी म्हणत नाहीं. तो कालव्याच्या कडेनें चालत जातो व पाणी कोठें अडलें तें पाहतो. घरांतील पडद्यापुढें बसलेल्या मुलाच्या तक्रारीस आपण निदान तेवढा तरी मान द्यावा.